अस्सल घड्याळाची पारख

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथील एका लिलावात एक मनगटी घड्याळ विक्रीस आले. पोलादी घर, काळी असून काळाच्या ओघात तपकिरी झालेली तबकडी, आणि रुंद बाणासारखा तासकाटा. ओमेगा कंपनीने १९५७ साली प्रथम काढलेल्या ‘स्पीडमास्टर’ या क्रोनोग्राफाच्या पहिल्या पिढीतील तो नग होता. जाणकारांनी त्याचा अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक असा बांधला होता. प्रत्यक्षात हातोडा पडून सर्व आकार मिळवल्यावर रक्कम झाली ३१ लाख फ्रँकांहून अधिक! घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी. आपल्याच हातची वस्तू आपल्या संग्रहालयात असावी, म्हणून तिने ती घेतली होती.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता वेळ मोजणारे घड्याळ. बाजूची कळ दाबली की मधला लांब सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो, आणि दुसऱ्या कळीने शून्यावर परततो. मूळ घड्याळ या सर्व काळात आपल्या गतीने चालूच राहते. मोटारींच्या शर्यती, विमानांची उड्डाणे, कारखान्यातील मोजमाप, अशा कामांसाठी ही घड्याळे होती. स्पीडमास्टरला तर १९६५ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने मान्यता दिली आणि १९६९ साली ते चंद्रावर जाऊन आले. त्यामुळे त्याच्या पूर्वजांचा भाव वाढावा, यात नवल नाही.

परंतु भाव ठरतो तो कीर्तीवर कमी आणि अस्पर्शतेवर अधिक. इथेच सामान्य व्यवहाराची रीत उलटी होते. घड्याळ हे कामाचे यंत्र. ते बिघडणार, आणि घड्याळजीकडे जाणार. पूर्वीचा प्रामाणिक घड्याळजी काय करी? तबकडी काळवंडली तर नवी बसवी, काट्यांवरचा चमकता रंग झडला तर पुन्हा भरी, आणि घराला जिल्हई देऊन ग्राहकाच्या हाती लख्ख घड्याळ ठेवी. ग्राहक समाधानाने घरी जाई. आज संग्राहकाच्या दृष्टीने त्याच घड्याळजीने त्या घड्याळाचे निम्म्याहून अधिक मोल पुसून टाकलेले असते. मुंबईच्या बाजारात जुन्या तबकड्यांवर नव्याने भडक रंग चढवून अशी कितीतरी घड्याळे देशोदेशी गेली. परदेशी संग्राहकांत ती ‘मुंबईची’ म्हणूनच ओळखली जातात, आणि ही ओळख काही गौरवाची नाही.

पारख करणारा प्रथम घर पाहतो. पट्टा ज्या दोन कानांत अडकतो, त्यांच्या कडा मुळात धारदार असतात. वारंवार जिल्हई दिली की त्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, आणि गेलेला धातू परत आणता येत नाही. नंतर काटे. १९५७ च्या नमुन्याला रुंद बाणाचा काटा आणि आकडे कोरलेली पोलादी कड. १९५९ च्या सुमारास कड काळी झाली आणि काटे निमुळते झाले. तेव्हा पहिल्या नमुन्याच्या घरात निमुळते काटे दिसले, तर मध्ये कोणाचा तरी हात फिरला आहे, हे उघड होते.

सर्वांत मनोरंजक साक्ष असते ती अंधारात दिसावे म्हणून लावलेल्या रंगाची. त्या काळी त्यात रेडियम घालीत; पुढे साठाच्या दशकात ट्रिटियम आले. ट्रिटियमचा जोर सुमारे बारा वर्षांत निम्म्यावर येतो. रेडियम हजारो वर्षे टिकते, पण त्याच्या माऱ्याने चमकणारे द्रव्यच जळून जाते. म्हणजे दोन्ही प्रकारांत साठ वर्षांपूर्वीचे घड्याळ आज अंधारात जवळजवळ आंधळे असायला हवे. ते टवटवीत उजळले, तर रंग नवा! उलट, किरणमापक यंत्र जवळ नेताच रेडियमची खूण पटली, तर तो रंग जुना असल्याचा भरवसा वाढतो. आपल्याकडच्या इतिहाससंशोधकांनी जुना कागद अस्सल की बनावट हे कागद, शाई, अक्षराचे वळण आणि शिक्का परस्परांशी जुळवून ठरवले. ही पद्धत त्याच जातीची आहे.

आणि तिची मर्यादाही तीच. जून २०२३ मध्ये ओमेगाने जाहीर केले की, जिनिव्हात घेतलेले ते घड्याळ निरनिराळ्या ठिकाणचे सुटे भाग जुळवून तयार केलेले होते. भाग बहुतांशी खरे, ओमेगाचेच. पण ते कधीच एका घड्याळात एकत्र नव्हते. या प्रकारात आपल्या तीन माजी नोकरांचा हात होता, असेही कंपनीने सांगितले. भिंगाखाली एकेक भाग पाहणाऱ्याला त्यात खोटे ते काय सापडणार? खोटी होती ती त्यांची सोयरीक.

म्हणूनच वंशावळीला एवढे मोल येते. २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये अभिनेता पॉल न्यूमन याचे रोलेक्स डेटोना सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले. त्या तऱ्हेच्या तबकडीला ती नवी असताना फारसे गिऱ्हाईक नव्हते. पण हे घड्याळ पत्नीने त्याला दिले, त्याने १९८४ साली मुलीच्या मित्राला दिले, आणि तेथून ते थेट लिलावात आले. हातांची साखळी आखूड होती आणि तिचा एकही दुवा गहाळ नव्हता. कंपनीच्या दप्तरातील उतारा मिळतो, तोही उपयोगी. मात्र तो यंत्र कधी तयार झाले आणि कोणत्या देशात गेले, एवढेच सांगतो. आज त्यावर कोणती तबकडी बसली आहे, याविषयी तो मुका असतो.

ज्यांच्या घरी आजोबांचा असा एखादा क्रोनोग्राफ कपाटात पडून आहे, त्यांनी तो दुरुस्तीला देताना दोनच सूचना द्याव्यात. आतले तेलपाणी खुशाल करावे, पण घराला जिल्हई देऊ नये आणि तबकडीला हात लावू नये. आणि एखादा भाग बदलावाच लागला, तर काढलेला जुना भाग कितीही गंजलेला असो, तो कागदाच्या पुडीत बांधून परत मागून घ्यावा.