यंत्राला फुटलेला कंठ



पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली. म्हणजे माणसाचा आवाज यंत्रात साठवता येतो हे जगाला कळण्याच्या दोन वर्षं आधीपासून मराठी माणूस उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून वक्त्याचं ऐकत होता आणि घरी जाताना त्यावर वाद घालत होता. आज माझ्यापुढे ध्वनिक्षेपक आहे, समोर दोन-तीन जण मोबाइलवर हे भाषण रेकॉर्ड करताना दिसत आहेत, आणि माझा हा आवाज उद्या माझ्या संमतीशिवाय भलतंच काही बोलू शकेल अशी यंत्रं बाजारात आली आहेत. वाद घालायला एवढा मोठा विषय क्वचितच मिळतो.

नव्या यंत्रांबद्दलची आपली मतं अग्रलेखांत कमी आणि लोकलच्या डब्यात, पारावर, लग्नाच्या पंगतीत जास्त तयार होतात. "मोबाइलनं पोरं वाया गेली." "एआय आलं, आता माणसाला कोण विचारणार?" किंवा उलट, "हे नसतं तर आपलं कसं झालं असतं!" ही मतं मी हलकी मानत नाही. यंत्र दुकानात लवकर येतं, कायदा उशिरा येतो. मधल्या काळात ते यंत्र कसं वापरायचं, कशाला हसायचं आणि कशाची लाज बाळगायची, हे तुमच्याआमच्या बोलण्यातूनच ठरतं. म्हणून ही मतं नीट तावूनसुलाखून घेतली पाहिजेत.

"चांगलं की वाईट?" या प्रश्नाचं उत्तर दर पिढीत तेच येतं: म्हातारे वाईट म्हणतात, तरुण चांगलं म्हणतात, आणि तरुण म्हातारे झाले की पुढच्या यंत्राला वाईट म्हणू लागतात. मला त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. या यंत्रामुळे कुणाला आवाज मिळाला? आणि कुणाचा आवाज त्याला न विचारता घेतला? विषय मोठा आहे, म्हणून आज फक्त आवाजाच्या यंत्रांपुरतं बोलतो.

सुरुवात तबकडीपासून करू. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गायिका गौहरजानचं गाणं त्यानं मुद्रित केलं. त्या जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव पुकारते. त्यामागे साधी व्यावहारिक अडचण होती. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तिथल्या कारागिरांना कुठलं गाणं कुणाचं हे समजायला हवं. पण परिणाम फार मोठा झाला. जी कोठीवर गाते म्हणून जिचं नाव घरात काढत नसत, ती त्याच घराच्या दिवाणखान्यात स्वतःच्या तोंडानं आपलं नाव सांगू लागली.

गवयांचं मत काय होतं? तासभर चालणारा राग तीन-साडेतीन मिनिटांत कोंबायचा, विद्या बाजारात उघडी टाकायची, वर यंत्रानं गळा जातो ही भीती. आज आपण हसतो, पण ही माणसं अडाणी नव्हती. तबकडी एकदा विकली गेली की ती कोण, कुठे, कशी वाजवेल यावर गाणाऱ्याचा ताबा राहणार नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याकडे नाही; त्यांनी नकार दिला. ते गेले १९४६ साली. आणि त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून सूर्यमालेच्या बाहेर निघाली आहे. गुरूचा आवाज काळाच्या उदरात गेला, शिष्येचा तारकांकडे गेला. खाँसाहेब चुकले असं मी म्हणणार नाही, कारण देणं-न देणं हा त्यांचा अधिकार होता. पण तबकडीनं काय दिलं तेही पाहा. गदगच्या एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी एका शाळकरी पोराच्या कानावर पडते आणि १९३३ साली तो गाणं शिकायला घरातून पळून जातो. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. मैफिलीत जायला आमंत्रण लागायचं. दुकानाबाहेर उभं राहून ऐकायला काहीच लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट रेडिओची, आणि तिचा नायक मराठी माणूस आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांची अभिरुची बिघडते आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.  लोकांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी अमीन सयानींचा सिनेगीतांचा कार्यक्रम, बिनाका गीतमाला, तिथून सुरू झाला आणि घरोघरी ठाण मांडून बसला. अखेर १९५७ साली आकाशवाणीला सिनेसंगीतासाठी विविध भारती सुरू करावी लागली. वरून लादलेलं मत कितीही तळमळीचं असलं तरी लोकांच्या कानापुढे टिकत नाही.

पण केसकरांना खलनायक ठरवून मोकळं होणंही अन्यायाचं आहे. त्यांच्याच कारकिर्दीत संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि शास्त्रीय संगीत संस्थानिकांच्या दरबाराबाहेर, ज्याच्या घरी रेडिओ आहे त्या प्रत्येकाकडे पोचलं. त्याच काळात, १९५५च्या रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांनी आठवड्याला एक गीत लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आणि अशी ५६ गीतं वर्षभरात महाराष्ट्राच्या ओठांवर आली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी माणसं होती असं त्या पिढीतले लोक सांगतात. परदेशी बनावटीचं एक खोकं एका वर्षात देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसलं. यंत्राला संस्कृती नसते, ती वापरणाऱ्यांनी त्याला द्यायची असते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल आपण सर्वांत कमी बोललो आहोत. ती कॅसेटची. तबकडी काढायला कारखाना लागे, रेडिओवर गायला निवड समितीपुढे जावं लागे. कॅसेटला लागत होती एक खोली, एक मायक्रोफोन आणि धिटाई. ऐंशीच्या दशकात छोट्या कंपन्यांचं पेव फुटलं. सुशिक्षित घरांत मत काय होतं? "कर्कश," "बाजारू," "चोरीच्या चाली." त्यात तथ्यही होतं.

पण त्या काळी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, दादरला शिवाजी पार्कच्या बाजूनं चालत चैत्यभूमीकडे गेलेल्यांनी ते दृश्य पाहिलं असेल. पुस्तकांच्या गाळ्यांना लागून कॅसेटचे गाळे, फळकुटांवर रचलेल्या थप्प्या, कव्हरवर निळ्या रंगात बाबासाहेब, प्रत्येक गाळ्याचा आपला कर्णा आणि प्रत्येक कर्ण्यातून वेगळं भीमगीत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला माणूस आधी कान देऊन ऐकणार, मग कनवटीच्या पैशांतून एखाद-दुसरी कॅसेट घेणार, पिशवीत तळाशी कपड्यांत गुंडाळून ठेवणार. गावी पोचली की ती वस्तीवरच्या एकाच टेपवर सगळ्यांसाठी वाजणार. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून ज्या गाण्यांची पेरणी केली, त्या परंपरेला कॅसेटनं पाय दिले. प्रल्हाद शिंद्यांचा बुलंद आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून पंढरीच्या वाटेवर गेला आणि भीमगीतांतून वस्त्यांमध्ये. ज्यांना कुठल्याच निवड समितीनं बोलावलं नसतं त्यांना या स्वस्त फितीनं बोलावलं. कुणाला आवाज मिळाला, या पहिल्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्या यंत्रानं दिलेलं मला माहीत नाही.

आता आजच्याकडे येऊ. २०१६ साली इंटरनेट स्वस्त झालं आणि खेडोपाडच्या मोबाइलवर पोचलं. "व्हॉट्सॲपनं डोकी फिरवली" हे आपलं ठरलेलं वाक्य, आणि अफवांनी केलेलं नुकसान पाहता ते बोललंच पाहिजे. पण ज्या आजीला सही करतानाही अंगठा पुढे करावा लागतो, ती माइकचं चिन्ह दाबून धरते आणि मुंबईतल्या लेकीला सांगते, "अगं, काकडी निघाली गं, येताना पिशवी आण." तिला पत्र लिहून द्यायला आता कुणाचं पोर शोधावं लागत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी फोनकडून मराठी मजकूर वाचून घेतो. हाही आवाज मिळणंच आहे.

कुणाचा आवाज न विचारता घेतला, हा दुसरा प्रश्न मात्र आज पूर्वी कधी नव्हता इतका तातडीचा झाला आहे. तबकडीनं गायलेलं गाणं साठवलं. आजचं यंत्र न गायलेलं गाणं त्याच गळ्यात गातं. २०२४ साली ए. आर. रहमान यांनी एका तमिळ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयच्या मदतीनं वापरले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. त्याच वर्षी अरिजित सिंह यांना आपला आवाज वाचवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि २०२५ साली आशा भोसले यांना. न्यायालयानं दोघांनाही संरक्षण दिलं. आशाताईंना वकील मिळाला. जाहिरातीला आवाज देणाऱ्या, परभाषेतल्या मालिका मराठीत आणणाऱ्या डबिंग कलाकाराचं काय? त्याच्या करारात एखादी ओळ घुसवून आवाज कायमचा लिहून घेतला, तर दिवसाच्या मानधनावर जगणारा तो माणूस नाही कसं म्हणणार? अल्लादिया खाँसाहेबांना नकार देता आला होता. नकार देण्याची ती सोय आज साध्या कलाकाराकडून काढून घेतली जात आहे, आणि माझी खरी तक्रार ती आहे.

आवाज चोरणं फक्त कलाकारांपुरतं राहिलेलं नाही. मुलाच्या, नातवाच्या नकली आवाजात फोन येतो, "अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा," आणि घाबरलेले वडीलधारे पाठवतात. घरोघरी एक काम आजच करा. घरच्यांनाच माहीत असेल असा एक खुणेचा शब्द ठरवा. असा फोन आला तर तो ठेवा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरावर स्वतः फोन लावून खात्री करा.

आणि चार माणसं म्हणून आपल्या हातात बरंच आहे. गणेशोत्सवात यंत्राच्या आवाजातली आरती किंवा एखाद्या नामवंताच्या नकली आवाजातलं स्वागत वाजवायचा मोह मंडळांना होईल. मंडळाच्या बैठकीत उठून विचारा: ज्याचा हा आवाज, त्याला विचारलं का? त्याला पैसे मिळाले का? ऐकणाऱ्याला आपण सांगणार का, की हे यंत्र बोलतं आहे? तेवढ्याच पैशांत गावातली एखादी मुलगी येऊन गाऊ शकेल का? वाचनालयांनी गावातल्या ओव्या, भारुडं, जात्यावरची गाणी मोबाइलवर जरूर मुद्रित करावीत, पण गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि संमती तिच्याच तोंडून आधी मुद्रित करावी. गौहरजानला जे अडचणीपोटी करावं लागलं, ते आपण रीत म्हणून करू.

यंत्राला भिऊन दार लावणाऱ्यांच्या हाती काही उरत नाही, आणि यंत्राला सगळंच देऊन टाकणाऱ्यांचं नावही उरत नाही. मत द्यायला तज्ज्ञ असावं लागत नाही, हे दोन प्रश्न चिकाटीनं विचारावे लागतात. ते तुम्ही पारावर विचारा, मंडळात विचारा, आवाजाचा धंदा करणाऱ्या कंपन्यांना विचारा आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवारालाही विचारा. लोकांनी काटा फिरवला तेव्हा सरकारला विविध भारती काढावी लागली. ती ताकद आजही तुमच्याकडे आहे.