हिंदूरावाच्या चढावर

जुन्या दिल्लीच्या उत्तरेस जी खडकाळ टेकडी आहे, तिच्यावर हिंदूराव या नावाचे मोठे रुग्णालय आहे. दिल्लीकरांच्या तोंडी हे नाव नित्य असते. परंतु ते एका मराठी सरदाराचे आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. हिंदूराव म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव व ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला. त्यानंतर त्याचा येथील बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या रणधुमाळीत त्या बंगल्याभोवती तोफा धडधडल्या. टेकडीवरील रस्त्यालाही राणी झाशीचेच नाव आहे. म्हणजे एका चढावर दोन मराठी नावे!

ह्या चढाशी रोजची झुंज मात्र आता सायकलस्वाराची. मोटारीत बसलेल्या गृहस्थास ही टेकडी जाणवतही नाही. ती कळते सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना. चढावर वेग मंदावला की सायकलीचा तोल डळमळतो, पुढचे चाक डावीउजवीकडे झोके घेऊ लागते, आणि नेमकी तेव्हाच त्यास अधिक रुंद वाट हवी असते. मागे ओझे बांधलेले असेल, तर तो निमूटपणे खाली उतरतो व भोंग्यांचा गलका ऐकत, रस्त्याच्या अगदी कडेने, सायकल हाताने ढकलीत वर जातो.

अशी माणसे थोडी आहेत, असे समजण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत दिल्लीतील सुमारे ३१ टक्के कुटुंबांकडे सायकल आढळली. मोटार होती सुमारे २१ टक्क्यांकडे. रस्ते पाहून मात्र हे प्रमाण नेमके उलटे असावे असे वाटते. सायकल ही शौकिनांची वस्तू नव्हे. ज्याला बसचे भाडेही रोज परवडत नाही, त्याचे ते कामावर जाण्याचे साधन आहे.

त्याच्यासाठी दिल्लीने एकदा खरा प्रयत्न केला होता. दक्षिण दिल्लीत आंबेडकरनगरपासून मूलचंदपर्यंतच्या सुमारे सहा किलोमीटर रस्त्यावर २००८ साली मधोमध बसगाड्यांसाठी राखीव मार्ग झाला व कडेने सायकलींसाठी वेगळी वाट. मोटारींच्या रांगा लांबल्या, तक्रारी वाढल्या. सायकलींच्या वाटेत मोटारसायकली घुसू लागल्या, हेही खरे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. रस्त्यावरून किती गाड्या जातात हे मोजावयाचे, की किती माणसे जातात हे, असा तो मुळातला वाद होता. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने विरोधकांची याचिका फेटाळली. तरीही २०१६ च्या आरंभी तो मार्ग उखडण्यास सुरुवात झालीच. मोजणीचा प्रश्न न्यायालयात जिंकला आणि रस्त्यावर हरला!

त्या योजनेत दोष होते. चौकांतील खोळंबा खोटा नव्हता. पण दोष होता तो बहुतांशी सिग्नलांच्या व्यवस्थेचा, आणि उखडला गेला तो मार्ग. दोन सायकली शेजारून जाण्यास सुमारे दोन मीटर रुंदी पुरते, म्हणजे मोटारींच्या एका रांगेहूनही कमी. हिंदूरावाच्या चढावर एवढी जागा, वर झाडांची सावली व मध्ये मोटारी उभ्या न करण्याचा बंदोबस्त, एवढे झाले तर ओझे लादलेल्या त्या माणसास खाली उतरावे लागले तरी मागच्या गाडीच्या धाकाने अंग चोरून चालावे लागणार नाही.