शेताबाहेर गेलेले पाणी कोणाच्या घड्यात?

(बेलापूर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



बेलापूर हे प्रवरेकाठचे गाव. वर अकोले तालुक्यात भंडारदरा, १९२६ साली पुरे झालेले धरण. खाली प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते आणि पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जाते. तेच पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना पितात. खाली किती टीएमसी सोडायचे यावरून नगर आणि मराठवाडा यांचे भांडण दुष्काळ पडला की पेटते. मोर्चे निघतात, कोर्टात तारखा पडतात. पण त्या पाण्याबरोबर खाली काय जाते, हे कोणी विचारत नाही. आज ते विचारू. कालव्यावरच्या ऊसवाल्याला विचारायचे तेवढेच नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडून आलेल्या कपाशी-ज्वारीवाल्यांनाही विचारू.

कारखान्याचे मळीचे पाणी नदीत आले, मासे मेले, की आपण ओरड करतो. केलीच पाहिजे. त्यासाठी १९७४ पासून जलप्रदूषणाचा कायदा आहे, मंडळ आहे. कारखान्याला पाईप असतो, पाईपाच्या तोंडाशी बाटली भरून तपासता येते. शेतातून वाहणाऱ्या पाण्याला पाईप नसतो. ते शंभर ओघळींनी जाते. त्यावर कोणी इन्स्पेक्टर बसवू शकत नाही, आणि बसवावा असे आपल्यालाही वाटत नाही. म्हणजे ते अडवणारा हात एकच उरतो, तो शेताच्या धन्याचा.

हिशेब मांडा

एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. २५ मिलिमीटरची एक सर आली की एकरावर एक लाख लिटर पाणी पडले. जमीन तापून कडक झालेली, उतार मोकळा, पीक अजून वीतभर. चौथा हिस्सा जरी वाहून गेला तरी २५,००० लिटर पाणी गेले. दहा हजारी टँकर धरला तर अडीच टँकर, एका एकरातून, एका सरीत. आणि उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन धावतात त्या आपल्याच बाया.

हे पाणी एकटे जात नाही. एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर डोळ्याला दिसतही नाही. पण एकरातून तेवढा थर गेला की चार घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास माती गेली. तीही तळातली नव्हे, वरची, शेणखत खाल्लेली. २०१७ पासून सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली आणि तलावातला गाळ ट्रॉल्यांनी शेतात आणायला लागलो. गेला तेव्हा फुकट गेला, परत आणताना डिझेल जाळले.

मातीबरोबर काय गेले?

स्फुरद मातीच्या कणाला चिकटून बसतो. माती गेली की डीएपीचे पैसे तिच्याबरोबर ओढ्यात गेले. साठलेल्या पाण्यात तोच स्फुरद शेवाळाचे खत होतो. पाणी हिरवे पडते, वास मारते, शेवाळ कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो.

नत्राची चाल वेगळी. युरियाचे जमिनीत नायट्रेट होते, आणि नायट्रेट पाण्यात विरघळून वाहतेही आणि झिरपतेही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. जास्त असेल तर सर्वांत मोठा धोका तान्ह्या मुलाला. बाटलीच्या दुधात असे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, मूल निळसर पडते.

तिसरी गोष्ट औषधांची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. जे औषध श्वासातून माणूस मारते, ते पानावरून धुऊन ओढ्यात गेले की साखर होत नाही. वर आपण पंप धुतो कुठे? विहिरीच्या काठावर. रिकामे डबे टाकतो कुठे? बांधाच्या कडेला, जिथून पहिलाच लोंढा जातो.

चौथी गोष्ट उकिरड्याची. हागणदारी, गोठा, उकिरडा यांवरून पहिले पाणी वाहते आणि ओढ्याकाठच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरते. मग गॅस्ट्रो आणि काविळीची साथ येते आणि आपण पावसाळी हवेला दोष देतो.

तुरटी फिरवली की झाले?

झाले नाही. तुरटीने गाळ बसतो, नायट्रेट बसत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते. टीसीएल पावडर जंतू मारते, पण पाणी गढूळ असेल तर तिची ताकद त्या घाणीतच खर्च होते. म्हणून पावसाळ्यात जलसुरक्षकाने ओ.टी. चाचणी रोज करावी, आणि ती आपल्यासमोर करावी. पाणी नळाला येईपर्यंत गढूळ होऊ द्यायचे आणि मग पुडी टाकायची, हा उलटा धंदा आहे. पाणी मुळातच स्वच्छ उतरले पाहिजे.

अडवायचे कसे?

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात ताली-बंधारे घालून डोंगरावरचे पाणी शेतात मुरवा असे सरकारला बजावले होते. सरकारने पुढे १९४२ चा जमीन सुधारणेचा कायदा केला, सरसकट समतल बांध घातले. भारी काळ्या रानात पाणी तुंबले, भेगाळलेले बांध फुटले, शेतकऱ्यांनी ते मोडले. तेव्हा शेतकरी अडाणी ठरला. अडाणी तो नव्हता. काळ्या रानाला हलका ढाळ आणि दगडी सांडवा लागतो, हे त्याला दिसत होते.

रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळ्याआधी बंदिस्त वाफे पाडा. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राने आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हे सांगून वर्षे झाली. कपाशी उताराला आडवी लावा आणि ओळींमध्ये कोळप्याला दोरी गुंडाळून सरी ओढा. शेताच्या खालच्या अंगाला गवताचा पट्टा राहू द्या. गाळ तिथे बसेल, बैलाला चाराही होईल.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाणी मुरवले की नायट्रेटही मुरते. म्हणून बांधाबरोबर खताचीही शिस्त हवी. युरिया फोकू नका. हप्ते पाडा, वाफसा बघून झाडाजवळ मातीत बुजवा, ढग दाटलेले असताना गोणी फोडू नका. पिकाने खाल्लेले नत्र विहिरीत जात नाही.

खर्च कोणाचा?

आपल्या शेतातली शिस्त ज्याची त्याने पाळावी. पण ओघळ एका मालकाची नसते. माथ्यावर चर, मध्ये दगडी बांध, मग खाली नाला, हा क्रम हिवरे बाजारने पाळला म्हणून ते गाव उभे राहिले. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवारात कितीतरी ठिकाणी माथा सोडून थेट नाला खोदला गेला. मशीन लावायला नाला सोयीचा. माथ्यावरच्या कामाला माणसे लागतात, मजुरी लागते. ती मजुरी कोरडवाहू शेतकऱ्याने कपाशीच्या मिळेल त्या भावातून काढायची, आणि स्वच्छ पाणी खालच्या शहराने प्यायचे, हा न्याय नाही. माथ्यावरचे काम सार्वजनिक आहे, त्याचा खर्चही सार्वजनिक असला पाहिजे.

तेव्हा घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. पंप धुण्याची जागा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब ठरवा. ग्रामसभेत पिण्याच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागा, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा, आणि नायट्रेटचा आकडा मोठ्याने वाचायला लावा. आणि पहिल्या सरीला छत्री घेऊन बांधावर जा. पाणी कुठून फुटते, कोणाच्या रानातून कोणाच्या विहिरीकडे जाते, ते बघा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या ओघळींचा नकाशा आणावा. माथ्याच्या कामाची मागणी त्या नकाशावर बोट ठेवून करू.