हे खरे आहे काय?

समजा, धुळ्यात पांझरा नदीवरचा पूल ओलांडून तुम्ही देवपुरात आलात आणि गटारीसाठी खोदलेला रस्ता महिनोन्‌महिने तसाच पडलेला दिसला. टपरीवर चहासोबत त्यावर चर्चा होईल, पण तिची नोंद कुठेच राहणार नाही. तेच आमदारांनी विधानसभेत लेखी विचारलं, तर संबंधित मंत्र्यांना छापील उत्तर द्यावं लागतं.

प्रश्नाचा साचा ठरलेला. 'रस्ता नादुरुस्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?' खरी मेख या शेवटच्या ओळीत. उत्तरंही ठरलेली: 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', आणि खात्यांचं लाडकं 'प्रश्न उद्भवत नाही'!

तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला नुसतं लेखी. प्रश्न विचारण्याचा हा हक्क आपल्याकडे 1892 च्या कायद्यानं आला, उपप्रश्नाची मुभा 1909 मध्ये. या हक्काची धार दिसली 1957 साली. आयुर्विमा महामंडळाच्या उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांतील गुंतवणुकीबद्दल लोकसभेत प्रश्न आला, खासदार फिरोज गांधींनी तो लावून धरला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी चौकशी केली आणि 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं.

मंत्री सभागृहात 'कार्यवाही करू' म्हणाले, की पुढचा पाठपुरावा विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे. म्हणून आमदारांना निवेदन देताना रस्त्याचं नाव आणि खोदल्याची तारीख जरूर लिहा. नुसतं 'रस्ता खराब आहे' म्हटलं, तर 'हे खरे नाही' यायला कितीसा वेळ लागतो!