शिखर खरे की खोटे?

आपल्या पायांखालच्या भूमीच्या पोटात काय आहे, ही चौकशी सातारा-सांगलीकरांस ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपापासून जिव्हाळ्याची झाली. पुढे वारणेच्या बाजूलाही धक्के बसू लागले. मग विंधणविवरे खोदली गेली. रासाटीस सुमारे ९३३ मीटर काळा कातळ संपल्यावर ग्रॅनाइटाच्या जातीचा खडक लागला. गोठण्याचे विवर तर तीन किलोमीटर खोल गेले.

खडक ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे त्यातून निघणारे गॅमा किरण. काळ्या कातळात पोटॅशियम, युरेनियम, थोरियम थोडे. ग्रॅनाइटात बरेच अधिक. प्रत्येकाच्या किरणांची ऊर्जा ठरलेली असते. पोटॅशियमची १४६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, थोरियमच्या कुळातील थॅलियमची २६१४. यंत्र एकेक किरण त्याच्या ऊर्जेच्या घरात टाकते. गर्दी होईल तेथे शिखर.

गोम येथेच आहे. किरण घड्याळाच्या ठोक्यावर येत नाहीत. वळवाच्या पहिल्या थेंबांसारखे केव्हाही पडतात. एका घरात शंभर अपेक्षित असतील, तर शंभराचे वर्गमूळ दहा, इतके इकडेतिकडे होणारच. १२० दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. बरे, १३० मागितले तर? दहाच्या तिपटीने वर जाण्याचा योग हजारात सव्वा-दीड वेळा येतो. पण प्रयोगशाळेतील वर्णपटात चार हजार घरे असतात! म्हणजे मूळचे शिखर एकही नसता पाचेक खोटी शिखरे उगवणार. उंबरठा उंच करावा, तर खरी पण दुबळी शिखरेही बाहेरच राहतात.

संगणकाने हा निवाडा करावा यासाठी एक नामी युक्ती मारिस्कोटी या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञाने त्याच १९६७ साली प्रसिद्ध केली. शेजारच्या घरांतील फरक काढावयाचा आणि त्या फरकांचा पुन्हा फरक. पार्श्वभूमी सरळ उतरती असेल तर उत्तर शून्याच्या आसपास येते. शिखराच्या माथ्यावर मात्र ते ठळक ऋण होते. हा ऋण आकडा त्याच्या स्वाभाविक चढउताराच्या किती पट आहे, तेवढेच यंत्र पाहते; तेही एका घरावर भिस्त न ठेवता, शिखराच्या रुंदीइतकी घरे एकत्र धरून.

विवरातली नळी सहसा चालती असते. एकेका खोलीस वेळ थोडा मिळतो. तीच चौपट वेळ थांबवली, तर शंभराचे चारशे होतात, चढउतार दहाचा वीसच होतो, पण वरचे वीस ऐंशी होतात. दुपटीचा संशय चौपटीचा पुरावा झाला! म्हणून दोन खडकांच्या सीमेपाशी घाईने नळी ओढणाऱ्याच्या आलेखावर, संगणक कितीही हुशार असो, आम्ही तरी विसंबणार नाही.