केसपेपरावरची वेळ



मुलांच्या आजारांवरील संशोधनाची परिषद हदगावसारख्या तालुक्याच्या गावी भरवलीत आणि अध्यक्षपदी ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरला बसवलंत, याबद्दल मनापासून आभार. संशोधन हे पुण्या-मुंबईचं काम, आपण फक्त पेशंट पुढे पाठवायचे, ही समजूत आपल्यात चांगलीच मुरली आहे. महाराष्ट्राचा अनुभव मात्र नेमका उलटा आहे. आज त्यावरच बोलणार आहे.

आपल्या ओळखीच्या दुखण्यापासून सुरुवात करू. कडब्याची गंज हलवताना, धसकटं वेचताना किंवा भुईवर निजलेलं असताना लेकराला इच्चू चावतो. मोठ्या माणसाला जेवढं विष मिळतं, तेवढंच दहा किलोच्या लेकराला मिळालं की गणित बदलतं. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं. उलटी होते, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात. ठणक फारशी नसते, म्हणून घरचे म्हणतात, ‘उतरला इच्चू.’ काही तासांत फुप्फुसात पाणी होतं आणि तोंडाला फेस येतो.

या दुखण्याचा छडा लावणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नोकरी लागली रायगड जिल्ह्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे ते विंचूदंशाच्या पेशंटजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब तासातासाने लिहीत राहिले. त्या नोंदींतून रोगाचा क्रम उलगडला आणि उपायही सुचला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६मध्ये बावस्कर दाम्पत्याने ‘लॅन्सेट’मध्ये हा अनुभव मांडला. त्याआधी गंभीर विंचूदंशात शंभरातले पंचवीस-तीस पेशंट दगावत; प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.

तरी ते तिथे थांबले नाहीत. नुसती गोळी बरी, की गोळीबरोबर प्रतिविषही द्यावं? महाडच्या आपल्या रुग्णालयात त्यांनी सत्तर पेशंट घेतले आणि कोणाला काय द्यायचं हे स्वतःच्या मर्जीवर न ठेवता पस्तीस-पस्तीसचे दोन गट केले. सहा महिन्यांवरील कोणत्याही वयाचा पेशंट त्यात बसत होता. दोन्ही उपचार मिळालेले सरासरी आठ तासांत सावरले, नुसत्या गोळीवरच्यांना साडेसतरा तासांहून अधिक लागले. २०११मध्ये ‘बीएमजे’ने हे छापलं. पुढे पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये फक्त मुलांवर अशीच तुलना झाली, तिचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता. एकाने पाहिलं आणि दुसऱ्याने पडताळलं, तेव्हा कुठे तो पुरावा झाला.

हे एकच उदाहरण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाईच्या हाती मण्यांची पाटी दिली. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या वाळूघड्याळातली वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. पुढे त्यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. शेजारची ४७ गावं तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी त्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हाच प्रयोग आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून गर्भारपणाच्या आधीपासूनच स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांची मुलं वयात येईपर्यंत त्यांचा माग सोडला नाही.

या सगळ्यांकडे जे होतं, ते आपल्याकडे आहे का? पेशंट आहेत. नोंद नाही. आपल्या केसपेपरावर तारीख असते, वेळ नसते. विंचू किती वाजता चावला, आधी मांत्रिकाकडे किती वेळ गेला, पहिली गोळी कधी पोटात गेली, हे लिहिलेलं सापडत नाही. त्याहून मोठी पोकळी रेफरची. अत्यवस्थ लेकरू आपण नांदेडला पाठवतो आणि पुढे त्याचं काय झालं, हे आपल्या रजिस्टरात येत नाही. राहतात ती इथेच बरी झालेली. त्यांच्या जोरावर निष्कर्ष काढला तर आपला दवाखाना जगात सर्वोत्तम ठरेल, आणि तो निष्कर्ष खोटा असेल.

म्हणून माझी सूचना एवढीच: या परिषदेने मुलांच्या विंचूदंशासाठी एकच केसपेपर ठरवावा. वय, वजन, दंशाची वेळ, पोहोचण्याची वेळ, आधीचे उपचार, हातपाय गार की उबदार, रक्तदाब, औषधाची वेळ, आणि रेफर केलं असेल तर आठ दिवसांत फोन करून मिळवलेली पुढची हकिगत.

एक पथ्य मात्र पाळायचं. नोंद ठेवणं वेगळं आणि लेकरावर औषध अजमावणं वेगळं. अजमावायचं असेल तर नीतिसमितीची मंजुरी हवी, सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंदणी हवी. आईचा अंगठा उमटला म्हणजे संमती झाली, असं होत नाही. तिला तिच्या बोलीत समजलं पाहिजे, आणि ‘नको’ म्हटल्यावरही उपचार तोच मिळाला पाहिजे. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकारही घ्यावा लागतो. नववीतल्या मुलीला न विचारता तिचं रक्त काढणं ही संशोधनातली चूक आहेच, वागण्यातलीही आहे.

दुपारच्या सत्रात केसपेपराचा मसुदा आपल्यासमोर येईल. त्यावर वाद घाला, रकाने कमी करा, पण ‘वेळ’ हा रकाना काढू नका.