चिखलाखालच्या खडकाशी नाते

राज्यभरातून आलेले अभियंते, ठेकेदार, रिगवर काम करणारे कारागीर आणि विद्यार्थी मित्रहो,

इमारतींचा पाया सावरण्याच्या तंत्रावरील या दोन दिवसांच्या चर्चेसाठी मीरा-भाईंदरच्या नागरिकांच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत!

उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तन-डोंगरीच्या टेकड्या, मधे मिठागरे आणि खाजण. आगरी-कोळी बांधवांच्या या भूमीवर बघता बघता शहर उभे राहिले, 2002 साली महानगरपालिका झाली. मात्र खाजणावर भराव टाकला, तरी खालचा मऊ चिखल तसाच राहतो. वर्षानुवर्षे तो दबत जातो आणि भिंतीला तिरकी भेग पडते.

समोर खाडीपलीकडे 1739 साली मराठा सेनानी चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग पेरले, ते तट पाडण्यासाठी. आपण भिंतीखाली भोक घेऊन त्यात बारीक खांब उभारतो, ते भिंत सावरण्यासाठी.

1952 साली इटलीत फर्नांडो लिझ्झी यांनी दुसऱ्या महायुद्धात खिळखिळ्या झालेल्या वास्तूंसाठी हे तंत्र आणले आणि या खांबांना झाडाच्या मुळाचे नाव दिले. आज आपण त्यांना मायक्रोपाइल म्हणतो. 300 मिलिमीटरहून कमी व्यासाचे भोक, आत पोलादी सळई किंवा पाइप, भोवती सिमेंटचे ग्राउट. छोटी रिग तळमजल्याच्या खोलीतही मावते, हादरे कमी बसतात. इमारतीचा भार चिखल ओलांडून खालच्या घट्ट थरात, मुख्यतः घर्षणाने उतरतो. मुळांसारखे तिरके रोवले, तर हेच खांब टेकडीचा उतारही आवळून धरतात.

पण आमची जमीन कसोटी पाहणारी आहे. मऊ चिखलात बारीक खांब भाराने वाकू शकतो, खारे पाणी पोलाद खाते. म्हणून खोली शेजारच्या इमारतीवरून ठरवू नका, त्याच जागेवर बोअर घ्या. गंजाचा हिशेब आराखड्यातच धरा. प्रत्येक भोकात किती ग्राउट गेले, ते तिथल्या तिथे लिहा. लोड टेस्ट कागदावर उरकू नका. जमिनीखालचे काम रहिवाशाला कधीच दिसत नाही, तो आपल्या शब्दावर झोपतो.

आमच्या पाहुणचारात काही उणे राहिले, तर पदरात घ्यावे. या दोन दिवसांच्या चर्चेतून खाजणावरच्या जुन्या इमारतींसाठी तपासणीची एक सोपी, मराठी पद्धत तयार करून द्या, एवढीच या शहराची आपल्याकडे मागणी आहे.